वर्ग चालू, सराव बंद: एका योगशिक्षिकेचं प्रकरण

हे प्रकरण चाळिशी ओलांडलेल्या एका योगशिक्षिकेचं आहे. एका अनुभवी बाईंकडे सात वर्षं शिकल्यावर त्यांनी दोनशे तासांचा शिक्षक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम केला आणि स्वतःचे वर्ग सुरू केले. वर्गात सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. ओळख पटेल असे तपशील त्यांच्या संमतीनं बदलले आहेत. नव्या शिक्षकांचे वर्ग मागे बसून पाहणं आणि नंतर त्यांच्याशी सविस्तर बोलणं हे माझं काम. ताईंनी मला बोलावलं ते शिकवायला सुरुवात करून तीन वर्षं झाल्यावर, आणि प्रश्न सरळ विचारला: “मी वर्ग बंद करावेत का?”

वर्ग चांगले चालले होते. सकाळच्या दोन आणि संध्याकाळच्या दोन बॅचेस भरलेल्या होत्या, लोक टिकून होते आणि घरखर्चाचा मोठा वाटा त्यावर होता. तरीही हा प्रश्न त्यांच्या मनात का आला, आणि पुढच्या वर्षभरात त्याचं काय झालं, ते इथे मांडतो. शिकवायला लागल्यावर शिक्षकाचं शिकणं बहुतेक वेळा आळसानं थांबत नाही. शिकवण्याची रचनाच त्याला बाहेर ढकलते, आणि तीन वर्षं उलटून जाईपर्यंत ते ध्यानातही येत नाही. या एका प्रकरणात मला ती रचना फार स्पष्ट दिसली.

वर्गात काय दिसलं

पहिल्या आठवड्यात मी चारही बॅचेसना मागे बसलो. ताईंचा आवाज स्थिर, सूचना नेमक्या, माणसांबद्दल आपुलकी खरी. सर्वांना नावानं ओळखतात. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची बदली झाली, सगळं त्यांना माहीत असतं.

पण चारही बॅचेसना क्रम तोच होता. ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन, वीरभद्रासन, पार्श्वोत्तानासन, मग बैठकीची आसनं, शेवटी भिंतीला पाय लावून सर्वांगासन आणि शवासन. सूचनांचे शब्दही तेच, बरेचदा त्याच लयीत. त्रिकोणासनात “गुडघा ताठ, मांडी वर ओढा” ही सूचना सगळ्यांना एकत्र दिली जायची. ज्यांचा गुडघा वाकलेला राहत होता त्यांना ती उपयोगी होती. पण दुसऱ्या रांगेतल्या एका तरुण मुलीचा गुडघा मुळातच मागे झुकणारा होता. ती सूचना ऐकून तो आणखी मागे ढकलत होती आणि सगळा भार सांध्याच्या मागच्या बाजूवर घेत होती. ताईंची नजर तिच्यावरून दोनदा गेली, पण तिथे थांबली नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. ताई विद्यार्थ्यांकडे तोंड करून आसन दाखवत. त्यामुळे तोंडानं “उजवा पाय” म्हणताना त्या स्वतःचा डावा पाय वापरत, म्हणजे समोरच्यांना आरशासारखं दिसतं. बहुतेक शिक्षक हे करतात आणि त्यात गैर काही नाही. पहिली बाजू दाखवून झाली की दुसऱ्या बाजूला त्या नुसत्या सूचना देत रांगांमधून फिरत. म्हणजे दिवसातून चार वेळा पार्श्वोत्तानासन, म्हणजे एक पाय पुढे टाकून त्यावर वाकायचं आसन, चारही वेळा डावाच पाय पुढे, शरीर तापलेलं नसताना, आसनाच्या शेवटच्या टोकापर्यंत आणि तेही बोलत बोलत. उजव्या पायाची पाळी आठवड्यातून एकदाही येत नव्हती.

“तुमचा स्वतःचा सराव कधी होतो?” मी विचारलं.

“वर्गातच होतो की. दिवसातून चार वेळा सगळं करते.”

माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचं मूळ या उत्तरात आहे. दाखवणं म्हणजे सराव नव्हे. दाखवताना लक्ष समोरच्या वीस शरीरांवर असतं आणि स्वतःचं शरीर फक्त चित्र म्हणून वापरलं जातं. बोलण्यामुळे श्वास तुटतो. जे आसन येतं तेच दाखवलं जातं, जे येत नाही ते हळूहळू क्रमातून गळून जातं. आपल्याला अवघड जाणारी जागा वर्गात कधी समोरच येत नाही. शिकायला ती जागा लागते.

वेळेचं गणितही याला पूरक होतं. योगाभ्यासाला उत्तम वेळ पहाटेची, नाहीतर संध्याकाळी जेवणाआधीची. पोट रिकामं, घर शांत. विद्यार्थ्यांनाही नेमकी तीच वेळ हवी असते. ताई आधी सात वर्षं ज्या वेळेला मॅट अंथरत होत्या, त्याच वेळेला आता दुसऱ्यांच्या मॅटांमधून फिरत होत्या. उरलेली दुपार जेवणाची, घरकामाची आणि थकव्याची. हे कोणी त्यांच्या अभ्यासक्रमात सांगितलं नव्हतं. तिथे आसनांची नावं, शरीररचना, पतंजलींची सूत्रं, वर्ग कसा बांधायचा हे सगळं होतं. पण शिकवायला लागल्यावर तुमच्या दिवसाचं काय होईल, यावर एक तासही नव्हता. मला ही मोठी उणीव वाटते.

तीन घटना

ताईंना अस्वस्थ करणाऱ्या घटना काही महिन्यांच्या अंतरानं घडल्या होत्या.

पहिली संध्याकाळच्या बॅचमधल्या एका काकांची. वर्ग संपल्यावर चप्पल घालता घालता ते सहज म्हणाले, “ताई, उद्या यायला उशीर होईल, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. काचबिंदूचे थेंब बदलून देणार आहेत.” काका दीड वर्ष वर्गाला येत होते. भिंतीला पाय लावून सर्वांगासन, अधोमुख श्वानासन, उत्तानासन सगळं करत होते. काचबिंदूत डोळ्यातला दाब हाच मुख्य प्रश्न असतो आणि डोकं हृदयाच्या खाली गेलं की तो वाढतो. शीर्षासनात तो साधारण दुप्पट होतो असं मोजमापांत आढळलेलं आहे. अधोमुख श्वानासनासारख्या साध्या वाटणाऱ्या आसनातही तो वाढतो. ताईंच्या अभ्यासक्रमाच्या वहीत हे लिहिलेलं होतं. त्यांनी वही उघडून पाहिली तेव्हा ओळीखाली लाल रेघसुद्धा होती. प्रवेशाच्या वेळी भरून घेतलेल्या कागदावर काकांनी ‘कोणताही आजार नाही’ लिहिलं होतं, कारण तेव्हा निदान झालंच नव्हतं. त्यानंतर त्यांना पुन्हा कोणी विचारलं नाही. काकांच्या डॉक्टरांनी डोकं खाली जाणारी आसनं बंद करायला सांगितली. सुदैवानं नुकसान झालं नव्हतं.

दुसरी घटना एका निवृत्त डॉक्टर विद्यार्थिनीची. ताई पिळाच्या आसनांत नेहमी सांगायच्या, “यानं शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात.” प्राणायामाच्या वेळी सांगायच्या, “रक्तात भरपूर ऑक्सिजन जातोय.” डॉक्टरबाईंनी एकदा वर्गानंतर अगदी मायेनं विचारलं, “कुठली द्रव्यं, आणि कुठल्या वाटेनं?” ताईंना उत्तर देता आलं नाही. हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं आणि पुढे सांगत आल्या होत्या. टाकाऊ द्रव्यांचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, कंबर पिळल्यानं ते वाढतं असं म्हणायला आधार नाही. निरोगी माणसाच्या धमन्यांतलं रक्त बसल्या जागीही ऑक्सिजननं जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं, त्यात दीर्घ श्वासानं फारशी भर पडत नाही. यातलं ऑक्सिजनचं तर आपल्याच परंपरेत कधीच सांगून झालं आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रियांवर प्रयोगशाळेत मोजमापं सुरू केली. प्राणायामाचं महत्त्व जास्त ऑक्सिजन मिळण्यात आहे ही समजूत त्यांनी तेव्हाच खोडून काढली होती. शंभर वर्षांनंतरही वर्गावर्गांतून तीच समजूत सांगितली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्राणायाम इतका मोलाचा आहे की त्याला अशा टेकूची गरज नाही.

तिसरी घटना ताईंच्या शरीरात घडत होती. डाव्या बैठकीच्या हाडापाशी खोल, नेमक्या जागी दुखत होतं. जास्त वेळ बसलं की वाढायचं, पुढे वाकलं की टोचायचं. ताईंनी त्याला ताणाची कमतरता समजून आणखी ताण दिला. दुखणं वाढलं.

समोरचे पर्याय

ताईंच्या मनात दोन वाटा होत्या. एक म्हणजे वर्ग बंद करून वर्षभर फक्त शिकायचं. दुसरी म्हणजे पुढचा मोठा अभ्यासक्रम करायचा. त्याची माहितीपत्रकंसुद्धा मागवून ठेवली होती. मी दोन्हींच्या विरोधात होतो, आणि त्याची कारणं सविस्तर सांगायला हवीत.

वर्ग बंद करण्यामागे एक समजूत होती की आधी पूर्ण शिकावं, मग शिकवावं. ऐकायला ती फार नम्र वाटते. पण पूर्ण शिकून झालेला शिक्षक मी तरी पाहिलेला नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात शिकवायला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांचे गुरू कृष्णमाचार्य यांच्याकडे त्यांचं शिक्षण फार थोडं झालं होतं आणि समोरचे विद्यार्थी त्यांच्यापेक्षा धडधाकट होते. शिकवण्यासाठी त्यांना रोज तासन्‌तास स्वतःवर प्रयोग करावे लागले, आणि पुढे जगभर पोहोचलेली पद्धत त्या सरावातून उभी राहिली. वयाच्या नव्वदीतही ते आपल्या संस्थेच्या सभागृहात इतरांच्या देखत सराव करत असत. अठराव्या वर्षी शिकवणं त्यांच्या शिकण्याच्या आड आलं नाही, कारण शिकवून उरलेला वेळ त्यांनी मॅटवर घालवला. ताईंच्या बाबतीत उरलेला वेळ हीच अडचण होती, आणि ती वर्षभराच्या सुट्टीनं सुटणार नव्हती. सुट्टी संपल्यावर चार बॅचेस पुन्हा तशाच सुरू झाल्या असत्या.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्ली या भागात एक अनुवाक, म्हणजे छोटा उतारा, आहे. त्यात ऋत, सत्य, तप, दम, शम, अतिथिसेवा अशी एकेक गोष्ट सांगून प्रत्येकीनंतर ‘स्वाध्यायप्रवचने च’ जोडलेलं आहे. जे काही कराल त्यासोबत शिकणं आणि शिकवणं दोन्ही. तिथे संदर्भ वेदाध्ययनाचा आहे हे खरं. पण दोन्ही कामं एकाच श्वासात, एकाच माणसाला सांगितली आहेत. एक संपल्यावर दुसरं, असं नाही. हा भाग मी ताईंना वाचून दाखवला आणि त्यांनी तो वर्गाच्या कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून लावला.

मोठ्या अभ्यासक्रमाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. प्रमाणपत्रं निरुपयोगी नाहीत. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षांमुळे किमान पातळी ठरली, हे चांगलंच झालं. अमेरिकेतल्या योगा अलायन्स या योगशिक्षकांच्या संस्थेची नोंदणी टिकवायला दर तीन वर्षांत 30 तास पुढचं प्रशिक्षण दाखवावं लागतं, तीही काहीतरी अट आहेच. पण तीन वर्षांत 30 तास म्हणजे वर्षाला दहा. तेवढ्यात माहिती मिळते, विद्यार्थी राहण्याची सवय जगत नाही. ताईंना ज्या तीन घटनांनी हलवलं, त्यांतल्या एकीतही माहितीची कमतरता हे मूळ नव्हतं. काचबिंदूची ओळ वहीत होती. विषारी द्रव्यांचं वाक्य तपासायला एक संध्याकाळ पुरली असती. डाव्या पायाचं दुखणं तर त्यांच्याच शरीरात होतं. कमी पडलं होतं ते स्वतःच्या शरीराकडे, समोरच्या माणसाकडे आणि तोंडातून निघणाऱ्या वाक्याकडे रोज नव्यानं पाहणं.

काय ठरलं

दुखण्यासाठी ताई आधी फिजिओथेरपिस्टकडे गेल्या. मांडीच्या मागच्या स्नायूंचा कंडरा बैठकीच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे झीज झाली होती. पुढे वाकण्याच्या आसनांत हा कंडरा हाडावर दाबला जातो, म्हणून जोरानं ताणल्यावर दुखणं वाढतं. उपाय उलट्या दिशेचा असतो: खोल ताण थांबवायचा आणि स्नायूंवर हळूहळू भार वाढवायचा. सेतुबंधासन जागच्या जागी धरून ठेवणं, मग एका पायावर, मग शलभासनाचे प्रकार. याला महिने लागतात आणि घाई केली की माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

संध्याकाळची एक बॅच बंद झाली. हा निर्णय सोपा नव्हता, कारण उत्पन्नाचा चौथा हिस्सा गेला. त्या वेळेत ताईंनी कोणतंही दुसरं काम घ्यायचं नाही, मॅट अंथरायची, असं ठरलं. घरच्यांना समजावायला वेळ लागला. “वर्गात करतेसच ना?” हा प्रश्न त्यांच्याही तोंडी होता. विद्यार्थी राहण्यासाठी वेळ द्यावा लागतो आणि वेळेची किंमत पैशात मोजावी लागते, हे शिक्षकांनी उघडपणे बोलायला हवं. ज्यांना एकही बॅच सोडणं परवडत नाही असे कितीतरी शिक्षक मला माहीत आहेत. त्यांच्यापुढे ताईंचा निर्णय आदर्श म्हणून ठेवण्याचा मला अधिकार नाही. अशांना मी निदान आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवायला सांगतो, आणि दाखवताना बाजू बदलायला सांगतो. एवढं विनामूल्य जमतं.

आणि शनिवारी ताई आपल्या जुन्या बाईंकडे परत गेल्या.

बाईंचा वर्ग

बाई आता सत्तरीच्या पुढे आहेत. ताईंनी विचारलं होतं की अनुभवी लोकांच्या वर्गाला येऊ का. बाईंनी त्यांना नवशिक्यांच्या वर्गात, मागच्या रांगेत उभं केलं. पहिल्याच दिवशी ओळखीतल्या एकीनं विचारलं, “अगं, तू इथे? तू तर शिकवतेस ना?” ताई मला म्हणाल्या की त्या क्षणी घरी निघून जावंसं वाटलं होतं.

पहिले काही शनिवार ताई वही घेऊन जात होत्या. बाईंची प्रत्येक सूचना टिपायची, घरी नीट लिहायची, सोमवारी आपल्या वर्गात वापरायची. बाईंनी हे पाहिलं आणि वही बंद करायला लावली.

“बाई, नाहीतर विसरेन मी.”

“विसरलीस तर पुढच्या शनिवारी परत कर. आत्ता तू करत नाहीयेस, तुझ्या वर्गासाठी सामान गोळा करतीयेस.”

यावर मी बराच विचार केला आहे. शिक्षक दुसऱ्याच्या वर्गात गेला की डोक्यात आपोआप वाटणी होते, हे माझ्या बॅचला चालेल, हे नाही चालणार. शरीर समोरच्या वर्गात, लक्ष पुढच्या सोमवारात. तिथे शिकणं होत नाही, साठवण होते. बाईंनी नियम घातला की शनिवारी शिकलेलं काहीही निदान महिनाभर स्वतः केल्याशिवाय शिकवायचं नाही. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त उपयोग या एका नियमाचा झाला. त्यामुळे ताईंच्या वर्गात नवीन गोष्टी कमी आल्या, पण ज्या आल्या त्या आतून आल्या.

पश्चिमोत्तानासनाचं उदाहरण देतो. ताईंचं शरीर जन्मतः लवचिक. हे आसन त्यांना पहिल्या महिन्यातच आलं होतं, त्यासाठी काही करावंच लागलं नव्हतं. त्यामुळे ते कसं येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. कडक शरीराच्या विद्यार्थ्यांना त्या “सैल सोडा, श्वास सोडत खाली जा” एवढंच सांगायच्या. ती माणसं पाठीची कमान करून, मान खाली घालून, पायांच्या बोटांकडे हात ताणत बसायची. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाला तर अशी पुढे वाकलेली पाठ धोक्याची, मणका दबून मोडण्याची शक्यता त्यात वाढते.

आता दुखण्यामुळे ताई स्वतः वाकू शकत नव्हत्या. बाईंनी त्यांना दोन घड्या घातलेल्या ब्लँकेटवर उंच बसवलं, गुडघे वाकवू दिले, पावलांना बेल्ट लावला आणि पुढे जायला मनाई केली. फक्त ओटीपोट पुढे कलतं का, छाती उंच राहते का, एवढंच पाहायचं. कितीतरी शनिवार एवढंच. ताईंना पहिल्यांदा समजलं की हालचाल कमरेतून नाही, जांघेच्या सांध्यातून सुरू व्हायला हवी, आणि मांडीमागचे स्नायू कडक असतील तर बैठकच मागे ओढली जाते, मग वर काहीही केलं तरी पाठ गोल होते. पतंजली ‘स्थिरसुखमासनम्’च्या लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्नाच्या शैथिल्याविषयी बोलतात. ताई ते सूत्र पाठ म्हणत होत्या. कुठला प्रयत्न सोडायचा आणि कुठला ठेवायचा, हे ब्लँकेटवर बसून कळायला लागलं.

दुखापत हाच खरा गुरू, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. नुसतं दुखणं माणसाला घाबरवतं, किंवा ताईंसारखं आणखी जोर लावायला भाग पाडतं. इथे बाई होत्या, काय पाहायचं ते दाखवत होत्या आणि घाई करू देत नव्हत्या, म्हणून दुखण्यातून काही हाती लागलं. कितीही वर्षं शिकवलं तरी आपल्याला दुरुस्त करणारं कोणीतरी असावं लागतं, असं मी म्हणतो ते यासाठीच. स्वतःचं खांद्याचं पातं स्वतःला दिसत नाही.

वर्गात झालेला बदल

आठ महिन्यांनी मी पुन्हा मागे बसलो. क्रम अजूनही बराचसा तोच होता, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. बदल नजरेत होता. त्रिकोणासनात ताई आता आधी गप्प राहून पाहतात. मागे गुडघा जाणाऱ्या मुलीला त्यांनी “ताठ” म्हणणं सोडून दिलं होतं. तिच्या पोटरीवर हात ठेवून “इथून पुढे ढकल, माझ्या हाताकडे येऊ नको” असं सांगितलं. मुलगी एकदम थरथरली, कारण मांडीचे स्नायू बहुधा पहिल्यांदाच काम करू लागले होते.

आसन दाखवायचं असलं तर ताई आता बाजू आलटून पालटून घेतात, आणि बरेचदा स्वतः न दाखवता एखाद्या विद्यार्थ्याला पुढे बोलावतात. कडक शरीराचा माणूस दाखवायला आला की बाकीच्या कडक माणसांना आपली वाट दिसते, हे त्यांचं निरीक्षण. ते मला फार आवडलं.

दर तीन महिन्यांनी त्या प्रत्येकाशी दोन मिनिटं एकट्यानं बोलतात: नवीन औषध, नवीन तपासणी, शस्त्रक्रिया, गरोदरपण, रक्तदाब. कागद भरून घेतला की काम संपलं, असं आता त्या मानत नाहीत. काका अजून येतात. उत्तानासनाऐवजी भिंतीवर हात टेकून जमिनीला समांतर वाकतात, डोकं खाली जात नाही. सर्वांगासनाच्या वेळी ते लोडावर डोकं आणि छाती उंच ठेवून पडून राहतात. सुरुवातीला त्यांना वेगळं पाडल्यासारखं वाटलं होतं. मग ताईंनी महिन्यातून एक दिवस सगळ्या वर्गालाच तसं झोपवायला सुरुवात केली.

डॉक्टरबाईंना ताईंनी पुढच्याच आठवड्यात सांगितलं होतं, “तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर नाही माझ्याकडे. ते वाक्य मी आता म्हणणार नाही.” त्यानंतर काही लोकांनी तक्रार केली की ताई हल्ली फायदे सांगत नाहीत. ही अडचण खरी आहे. फायदे ऐकायला लोक येतात. ताई आता जे दिसतं तेवढंच सांगतात, की या आसनात बरगड्या कुठे हलतात, श्वास कुठे अडतो, पाहा. काही जण कंटाळून गेले. बरेचसे राहिले.

जे सुटलं नाही

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. लांब प्रवासात बसलं की अजून जाणवतं. बंद केलेल्या बॅचचं उत्पन्न परत आलेलं नाही, आणि त्या रिकाम्या वेळेवर दर महिन्याला कुठून ना कुठून मागणी येते. दोनदा ताईंनी ती वेळ दिलीही आणि मग परत घेतली. स्वतःचा सराव आठवड्यात पाच दिवस होतो, कधी तीनच. ‘स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः’ म्हणजे दीर्घकाळ, अखंड आणि आदरानं केलेला अभ्यासच पक्का होतो, या पतंजलींच्या सूत्रातलं नैरंतर्य, म्हणजे अखंडपणा, सांभाळणं त्यांना आजही कठीण जातं. दीर्घकाळ आणि आदर दोन्ही त्यांच्याकडे आहे.

प्राणायामाबद्दल आमच्यात मतभेद आहेत. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असं स्पष्ट म्हटलं आहे. ताईंनी यामुळे कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, शिकवणं पूर्ण थांबवलं आहे, कारण स्वतःचा त्यातला अभ्यास त्यांना उथळ वाटतो. मला वाटतं, साधं उज्जायी आणि दीर्घ श्वसन त्यांनी आणखी मोकळेपणानं शिकवावं, त्या भीतीपोटी तेही आखडतात. त्या म्हणतात, बाईंकडे वर्षभर करू दे, मग पाहू.

मागच्या महिन्यात एका शिक्षक प्रशिक्षण वर्गातून ताईंना बोलावणं आलं. नवीन शिक्षकांना आसनं शिकवायची, मानधन चांगलं, आणि बंद केलेल्या बॅचची भरपाई त्यातून सहज होईल. वार शनिवार. ताईंनी आयोजकांना लिहिलं की रविवार चालेल का, आणि पहिला तास आसनांचा न ठेवता शिक्षकाच्या आठवड्याच्या वेळापत्रकावर ठेवता येईल का. रविवारला ते तयार आहेत. पहिल्या तासाबद्दल त्यांचं म्हणणं आहे की मुलांनी पैसे आसनं शिकायला भरलेत. ताईंनी अजून होकार दिलेला नाही. त्यांचं दुसरं पत्र मी वाचलं आहे, त्यात त्यांनी तो तास मानधन न घेता देण्याची तयारी दाखवली आहे.